एका नोंदीचा माग : संस्थेतल्या माहिती प्रणाली नव्या माणसाने कशा ओळखाव्यात

नव्या संस्थेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काही वाक्यं कानावर पडतात. ‘हे सिस्टीमला टाकलंस का?’ ‘एमआयएस अजून आला नाही.’ ‘ईआरपीत तर वेगळंच दिसतंय.’ ‘साहेबांच्या डॅशबोर्डवर हा आकडा कुठून आला?’ बोलणारा प्रत्येक जण ‘सिस्टीम’ म्हणतो, पण दर वेळी त्याला वेगळी गोष्ट म्हणायची असते. नवा माणूस मान डोलावतो आणि विचारायचं राहून जातं.

पाठ्यपुस्तकात यावर एक त्रिकोण काढलेला असतो. तळाला टीपीएस (व्यवहार नोंदवणारी प्रणाली), त्यावर एमआयएस (रिपोर्ट देणारी), मग डीएसएस (निर्णयाला मदत करणारी) आणि टोकाला ईआयएस (सर्वांत वरच्या माणसांसाठीची). त्रिकोण चुकीचा नाही. पण तो पाठ करून आलेल्या माणसाला समोरचा पडदा यातला नेमका कोणता, हे सांगता येत नाही, कारण पडद्यावर तसं लिहिलेलं नसतं. नव्या माणसांना शिकवताना मला एकच रीत खात्रीने उपयोगी पडलेली आहे : एक नोंद धरायची आणि ती संस्थेत जिथे जिथे जाते तिथे तिच्यामागे जायचं. वाटेत सगळे प्रकार आपापल्या जागी भेटतात. हा लेख त्याच वाटेने जातो.

पायरी १ : यादी मागू नका, एक नोंद निवडा

पहिल्या दिवशी आयटी विभागाकडे ‘आपल्याकडे कोणकोणत्या सिस्टीम आहेत’ अशी यादी मागण्याचा मोह होतो. यादी मिळते, त्यात वीस-पंचवीस नावं असतात आणि त्यातून काहीच उलगडत नाही. त्याऐवजी तुमच्या संस्थेत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा घडणारी घटना शोधा. कारखान्यात मालाची आवक, रुग्णालयात रुग्णाची नोंदणी, बँकेत खात्यावर पैसे जमा होणं, ग्रंथालयात पुस्तक देणं. ती घटना घडते त्या जागी परवानगी घेऊन अर्धा दिवस थांबा आणि नुसतं बघा.

वहीत चारच गोष्टी लिहा. नोंद कोणी केली. कशावरून केली, म्हणजे चलन, फॉर्म, फोनवरचं बोलणं की बारकोड. कोणत्या पडद्यावर केली. आणि ‘सेव्ह’ दाबल्यावर काय काय बदललं. पहिल्या तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात. चौथी विचारावी लागते, आणि पुढचा जवळजवळ सगळा लेख त्या चौथ्या उत्तराबद्दल आहे.

हाताने वह्या लिहिल्या जात तेव्हा ही वाट उघड दिसायची. घडलेला व्यवहार तारखेप्रमाणे रोजकीर्दीत उतरायचा. तिथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचा. तेरीज काढून जमा आणि नावे जुळतात का ते तपासायचं, आणि शेवटी ताळेबंद. एकच व्यवहार चार ठिकाणी, चार वेगळ्या माणसांच्या चार वेगळ्या प्रश्नांसाठी. आजच्या माहिती प्रणालींची उतरंड याहून फार निराळी नाही. फरक एवढाच की वही पालटताना दिसणारा प्रवास आता पडद्याआड होतो, म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो.

पायरी २ : व्यवहार नोंदवणारी प्रणाली नीट समजून घ्या

जिथे तुम्ही अर्धा दिवस थांबलात ती व्यवहार प्रक्रिया प्रणाली, म्हणजेच टीपीएस. बिलिंग, पगार, हजेरी, आरक्षण, आवक-जावक, खात्यातली उलाढाल हे सगळं यात येतं. नव्या माणसाने शिकायला दिलेल्या वेळातला निम्मा वेळ इथे घालवावा असं माझं ठाम मत आहे. वरचे सगळे मजले याच पायावर उभे असतात.

संगणक धंद्यात आला तोही याच दाराने. ब्रिटनमधल्या जे. लायन्स अँड कंपनीने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर पहिलं नियमित कार्यालयीन काम चालवलं. ते काम होतं कंपनीच्या बेकऱ्यांतून निघालेल्या मालाचं मूल्य काढण्याचं. पुढे अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून ‘सेबर’ ही विमानाच्या जागा आरक्षित करणारी प्रणाली उभारली, आणि १९६४ पर्यंत ती कंपनीच्या साऱ्या जाळ्यावर चालू लागली. तिच्यापुढचा प्रश्न साधा पण कठीण होता : शंभर ठिकाणी बसलेले शंभर लोक एकाच वेळी तिकिटं विकत असताना एक जागा दोघांना विकली जाता कामा नये.

त्या प्रश्नातच या प्रणालीचा गाभा आहे. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा किंवा अजिबात होऊ नये. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर वजावटही मागे घेतली गेली पाहिजे. दोन व्यवहार एकाच वेळी चालू असले तरी एकाने दुसऱ्याचं अर्धवट काम वाचू नये. आणि ‘झालं’ असं एकदा सांगितलं की नंतर यंत्र बंद पडलं तरी ती नोंद राहिली पाहिजे. हे तीन गुण आणि माहिती ठरलेल्या नियमांशी सुसंगत राहण्याचा चौथा गुण, यांना मिळून १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी ‘ॲसिड’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव दिलं. डेटाबेसवाले आजही तोच शब्द वापरतात.

आता पडद्याकडे वळा. बहुतेक पॅकेजांत मेनूमध्ये तीन गट दिसतील : मास्टर, ट्रान्झॅक्शन, रिपोर्ट. मास्टर म्हणजे सहसा न बदलणारी माहिती, जशी मालाची यादी, पुरवठादार, कर्मचारी, एकक, कराचा दर. ट्रान्झॅक्शन म्हणजे रोज घडणाऱ्या घटना. नवा माणूस ट्रान्झॅक्शनकडे बघतो आणि मास्टरकडे दुर्लक्ष करतो. मीही तसंच केलं होतं, आणि मास्टरचं महत्त्व मला एका नोंदीने शिकवलं.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट आहे. गोदामात माल आला. चलनावर ४८० नग लिहिलेले. आवक नोंदवणाऱ्याने चलन बघून ४८० टाकले आणि सेव्ह केलं. मात्र आयटम मास्टरमध्ये त्या वस्तूचं एकक ‘बॉक्स’ होतं आणि एका बॉक्समध्ये १२ नग. सिस्टीमने ४८० बॉक्स धरले. फळीवर ४० बॉक्स, सिस्टीममध्ये ४८०. कुठेही लाल अक्षरांत इशारा आला नाही, कारण सिस्टीमच्या दृष्टीने चूक झालेलीच नव्हती. दिलेला आकडा तिने दिलेल्या एककात बिनचूक साठवला. बिल हिशेब विभागात वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चढायचं, त्यामुळे तिथेही ताळा पडला नाही. महिनाअखेरच्या साठ्याच्या रिपोर्टात ती वस्तू भरपूर दिसली, खरेदी विभागाने नवी ऑर्डर काढली नाही आणि पुढच्या महिन्याच्या मध्यावर फळी रिकामी झाली. मग बैठका झाल्या. रिपोर्ट पुन्हा पुन्हा छापले गेले. रिपोर्ट बनवणाऱ्याला दोष दिला गेला. चूक सापडली ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, एक-एक चलन हातात घेऊन पडद्याशी ताडून बघताना. आडातलंच पाणी गढूळ होतं, पोहऱ्यात निवळ कुठून येणार?

तेव्हापासून मी नव्या माणसाला तीन प्रश्न आधी विचारायला लावतो. मास्टर बदलायचा अधिकार कोणाला आहे? एकाने केलेली नोंद दुसरा तपासून मंजूर करतो का? आणि चुकलेली नोंद दुरुस्त कशी होते? तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका. चांगल्या प्रणालीत मंजूर झालेली नोंद पुसता येत नाही, तिच्या उलट नोंद करावी लागते आणि कोणी, केव्हा केली तेही राहतं. ‘डिलीट करून परत टाकतो’ असं उत्तर आलं, तर तिथला एकही जुना आकडा डोळे मिटून वापरू नका.

पायरी ३ : रिपोर्ट कोण वाचतं ते शोधा

नोंद आता एक मजला वर चढते. दिवसभरात झालेल्या हजार नोंदी विभागप्रमुख एक-एक वाचत नाही. त्याला बेरीज हवी असते, तुलना हवी असते, आणि ठरवलेल्यापेक्षा कुठे कमी-जास्त झालं ते हवं असतं. हे देणारी ती व्यवस्थापन माहिती प्रणाली, एमआयएस. बोलताना लोक प्रणालीला आणि तिच्यातून निघणाऱ्या रिपोर्टला एकच शब्द वापरतात. ‘एमआयएस पाठव’ म्हणजे बहुतेक वेळा ‘रिपोर्ट पाठव’.

रिपोर्ट तीन चालींचे असतात. ठरलेल्या दिवशी आपोआप निघणारा. कोणी मागितला तर निघणारा. आणि काही बिघडलं तरच निघणारा, उदाहरणार्थ साठा ठरावीक पातळीखाली गेला किंवा येणं साठ दिवसांपेक्षा जास्त थकलं तर. तिसरा प्रकार सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. बहुतेक ठिकाणी पहिल्याचाच ढीग असतो.

ढिगाचा हा आजार जुना आहे. व्यवस्थापनशास्त्रज्ञ रसेल ॲकॉफ यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं की व्यवस्थापकांची खरी अडचण उपयोगी माहितीची टंचाई ही नसून निरुपयोगी माहितीचा पूर ही आहे. तुमच्या विभागातला प्रत्येक रिपोर्ट हातात घेऊन तो वाचणाऱ्याला नम्रपणे विचारा : ‘यातला आकडा उद्या दुप्पट झाला तर आपण काय वेगळं कराल?’ उत्तर लगेच आलं तर रिपोर्ट जिवंत आहे. विचार करावा लागला तर तो सवयीने निघतो आहे. नव्या माणसाने तो बंद करायला जाऊ नये, पण वहीत खूण करून ठेवावी.

याच पायरीवर नव्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन रिपोर्टांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा. विक्री विभाग म्हणतो महिन्याची विक्री १,२००, हिशेब विभाग म्हणतो १,१४०. कोणीतरी चुकलं असणार असं वाटतं. बहुतेक वेळा कोणीच चुकलेलं नसतं. विक्री विभाग ऑर्डर आली की मोजतो, हिशेब विभाग बिल झालं की मोजतो. मधले ६० म्हणजे ऑर्डर आलेल्या पण बिल न झालेल्या. तेव्हा आकड्यावर वाद घालण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : कोणती घटना मोजली, कोणत्या तारखेने मोजली, आणि रिपोर्ट किती वाजता काढला. तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण दुपारी बाराला काढलेला रिपोर्ट आणि दिवस बंद झाल्यावर काढलेला रिपोर्ट यांची तुलना करून भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. रिपोर्टच्या माथ्यावर तारीख-वेळ छापलेली नसेल तर स्वतः लिहून ठेवा.

पायरी ४ : ‘जर असं केलं तर?’ हा प्रश्न कुठे विचारला जातो?

एमआयएस काय झालं ते सांगतो. पुढे काय करावं हा प्रश्न वेगळा, आणि त्यासाठीची प्रणाली वेगळी : निर्णय सहाय्य प्रणाली, डीएसएस.

इथे थोडा सिद्धांत कामाचा आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९६० मध्ये निर्णयांचे दोन टोकांचे प्रकार सांगितले. एका टोकाला नियमात बसणारे, वारंवार येणारे निर्णय, दुसऱ्या टोकाला दर वेळी नव्याने विचार करावा लागणारे. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये कामाचे तीन स्तर मांडले : रोजच्या कामावरचं नियंत्रण, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दूरचं नियोजन. १९७१ मध्ये अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी या दोन्ही कल्पना एकमेकींवर ठेवून एक तक्ता केला आणि नियमात अर्धवट बसणाऱ्या निर्णयांना मदत करणाऱ्या प्रणालींना डीएसएस हे नाव दिलं. ‘अर्धवट’ हा शब्द महत्त्वाचा. पूर्ण नियमात बसणारा निर्णय यंत्रावर सोपवता येतो, अजिबात न बसणारा माणसालाच घ्यावा लागतो. मधल्या पट्ट्यात यंत्र हिशेब मांडतं आणि माणूस ठरवतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ज्या पडद्यावर तुम्ही गृहीतकं बदलू शकता आणि उत्तर बदलताना दिसतं, ती डीएसएस. कर्जाचा कालावधी दोन वर्षांनी वाढवला तर हप्ता किती? एक पाळी वाढवली तर ऑर्डर वेळेत निघेल का? गाड्या दोन मार्गांऐवजी तीन मार्गांनी पाठवल्या तर? १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं ‘व्हिजिकॅल्क’ आलं आणि हे काम टेबलावरच्या संगणकावर कोणालाही करता येऊ लागलं. एक घर बदललं की त्यावर अवलंबून असलेली सारी घरं आपोआप बदलायची. त्यामुळे तुमच्या संस्थेतली डीएसएस एखादं महागडं सॉफ्टवेअर असेलच असं नाही. ती नियोजन विभागातल्या कोणाच्या तरी संगणकावरची एक्सेल फाईल असण्याची शक्यता जास्त.

मोठ्या संस्थांत या कामासाठी डेटा वेअरहाउस वेगळं ठेवतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काउंटरवर रांग लागलेली असताना कोणी मागच्या पाच वर्षांच्या सगळ्या व्यवहारांचं विश्लेषण त्याच डेटाबेसवर चालवलं, तर काउंटर रेंगाळतो. एक काम लहान लहान नोंदी झटपट करण्याचं, दुसरं लाखो नोंदी सावकाश चाळण्याचं. म्हणून बहुधा रात्री नोंदींची प्रत वेगळ्या जागी नेतात, स्वच्छ करतात, एकाच व्याख्येत बसवतात, आणि विश्लेषण तिथे होतं. याचा थेट परिणाम तुम्हाला दिसेल : सकाळी केलेली नोंद दुपारच्या विश्लेषणात नसते. सिस्टीम बिघडली म्हणून तक्रार करण्याआधी ‘डेटा केव्हा रिफ्रेश होतो’ एवढं विचारा.

डीएसएसचं एक भावंड म्हणजे तज्ज्ञ प्रणाली. जाणत्या माणसाचे ठोकताळे ‘असं असेल तर तसं कर’ अशा नियमांत उतरवायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी तयार केलेली ‘मायसिन’ रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं प्रतिजैविक द्यावं ते सुचवायची, आणि विचारलं तर कारणही सांगायची. कारण सांगण्याचा तो गुण आजच्या अंदाज वर्तवणाऱ्या प्रणालींकडूनही मागायला हवा. ‘हा अर्ज धोक्याचा’ असं पडद्यावर आलं तर ‘कशावरून?’ हे विचारण्याची सोय आहे का ते बघा.

पायरी ५ : वरचा मजला

सर्वांत वरच्या माणसांसाठीची कार्यकारी माहिती प्रणाली, ईआयएस, आज बहुतेक ठिकाणी ‘डॅशबोर्ड’ म्हणून ओळखली जाते. जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना तिच्या मुळाशी आहे : आधी यशासाठी कोणत्या मोजक्या गोष्टी नीट व्हायलाच हव्यात ते ठरवा, मग फक्त त्यांची माहिती मागा. नव्या माणसाला हा पडदा क्वचित बघायला मिळतो. मिळालाच तर एकच करून बघा. एखाद्या आकड्यावर क्लिक करा आणि खाली खाली जा. विभाग, मग महिना, मग दिवस, मग ती मूळ नोंद. शेवटपर्यंत पोचता आलं तर वाट शाबूत आहे. मधेच अडलात, तर तिथे कोणीतरी हाताने आकडा भरतो आहे.

पायरी ६ : भिंती ओलांडणाऱ्या प्रणाली

आतापर्यंत आपण नोंदीबरोबर वर चढलो. पण ती आडवीही जाते. गोदामातली आवक हिशेब विभागाला कळावी लागते, विक्रीची ऑर्डर उत्पादनाला. पूर्वी प्रत्येक विभागाचं वेगळं सॉफ्टवेअर असायचं आणि विभागांमध्ये कागद फिरायचे. माझ्या त्या ४८० नगांच्या गोष्टीतली खरी भेग तीच होती.

ही भेग बुजवण्यासाठी ईआरपी आली, म्हणजे सगळ्या विभागांची मिळून एकच प्रणाली. कारखान्यातल्या कच्च्या मालाच्या नियोजनासाठी १९६० च्या दशकात एमआरपी प्रणाली सुरू झाल्या. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने ईआरपी हे नाव रूढ केलं, आणि १९९२ मध्ये सॅपची आर/३ ही ईआरपी प्रणाली आल्यावर जगभरच्या मोठ्या संस्था तिकडे वळल्या. कल्पना एका ओळीची : नोंद एकदाच करायची, आणि जिथे हवी तिथे तीच वापरायची.

जवळून बघा. ईआरपीत मालाचं बिल मंजूर होण्याआधी तीन कागद एकमेकांशी जुळवले जातात : खरेदीची ऑर्डर, आवकेची नोंद आणि पुरवठादाराचं बिल. ऑर्डर ४० बॉक्सची, आवक ४८० ची, बिल ४० चं. सिस्टीम बिल तिथेच अडवते आणि कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आमची चूक दीड महिना फिरली, ती इथे बिल चढवताना पकडली गेली असती.

ईआरपीचा हा एकसंधपणा तिचा धोकाही आहे. एका जागची गडबड सगळीकडे पोचते. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ईआरपी, पुरवठा नियोजन आणि ग्राहक व्यवस्थापन अशा तीन प्रणाली एकदम सुरू केल्या, त्याही सणाच्या मोठ्या ऑर्डर येण्याच्या तोंडावर. माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेत पोचवता आल्या नाहीत. तुम्ही रुजू झालात त्याच महिन्यात नवी प्रणाली येत असेल, तर जुनी लगेच बंद करणार का, की काही दिवस दोन्ही चालवून आकडे ताडणार, हे जरूर विचारा.

संस्थेच्या बाहेरच्या दिशेला आणखी दोन आहेत. पुरवठादारांकडे तोंड असलेली एससीएम (पुरवठा साखळी व्यवस्थापन) आणि ग्राहकांकडे तोंड असलेली सीआरएम (ग्राहक संबंध व्यवस्थापन). पहिलीची गरज का पडते ते अमेरिकन अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं : शेवटच्या विक्रेत्याकडे मागणी थोडी हलली तरी साखळीत मागे मागे जाताना ती हालचाल वाढत जाते, कारण प्रत्येक जण फक्त पुढच्याची ऑर्डर बघतो, खरी विक्री नाही. खरी विक्री सगळ्यांना दिसली तर हे हेलकावे बरेच कमी होतात. सीआरएमबद्दल एवढंच सांगतो की ती विक्रेत्याची डायरी संस्थेच्या मालकीची करते, म्हणून विक्रेते सुरुवातीला ती मनापासून भरत नाहीत. तिच्यातली रिकामी घरं बघून निष्कर्ष काढू नका.

पायरी ७ : सिस्टीमबाहेरची सिस्टीम

कोणत्याही यादीत नसलेला प्रकार सर्वांत शेवटी सापडतो, आणि तो प्रत्येक संस्थेत असतो. कोणाच्या तरी संगणकावरची एक्सेल शीट, टेबलाच्या खणातली वही, व्हॉट्सॲपचा गट. अधिकृत प्रणालीत जे करता येत नाही किंवा फार वेळ खातं, ते इथे होतं. या वाटा काढणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, काम त्यांनीच चालू ठेवलेलं असतं. पण धोका ओळखून ठेवावा.

२०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोना चाचण्यांचे निकाल एका टप्प्यावर एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाईलमधून पुढे जात होते. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त बसत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. रुग्णांना स्वतःचे निकाल मिळाले होते, प्रयोगशाळांनी काम चोख केलं होतं. दोन प्रणालींच्या मधला सांधा निसटला होता. म्हणून शोध घेताना प्रणालींपेक्षा त्यांच्या मधल्या जागांकडे जास्त बघा. ‘ही फाईल इथून तिथे कोण नेतं?’ हा प्रश्न विचारत राहा.

ईमेल, सामायिक फोल्डर, कॅलेंडर, मंजुरीच्या ऑनलाइन नस्त्या ही कार्यालयीन स्वयंचलन प्रणाली. ती तुम्ही वापरून शिकालच. ज्ञान व्यवस्थापन प्रणालीबद्दल मात्र एक उदाहरण देतो. झेरॉक्स कंपनीत १९९० च्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ कामात सापडलेल्या युक्त्या तिच्यात लिहायचे, अनुभवी सहकारी त्या तपासायचे, आणि युक्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव राहायचं. नाव राहतं म्हणून माणसं लिहीत गेली. तुमच्या संस्थेत असं काही असेल आणि ते ओस पडलेलं असेल, तर आधी तिथे लिहिणाऱ्याचं नाव दिसतं का ते बघा.

पायरी ८ : एका कागदावर नकाशा काढा

मोठा कागद आडवा घ्या. तळाला तुम्ही निवडलेली नोंद लिहा. तिच्यावर ती जिथे जिथे जाते त्या प्रणाली चौकोनांत, आणि मधे बाण. आपोआप होणाऱ्या प्रवासाला सलग रेघ, हाताने नेल्या जाणाऱ्याला तुटक. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी : इथे कोण बघतं, किती वेळाने बघतं, आणि ही दिवसभर बंद राहिली तर काय अडेल. तिसऱ्या उत्तरावरून प्रकार आपोआप कळतो. लगेच रांग लागत असेल तर टीपीएस. आठवडाअखेरची बैठक पुढे ढकलावी लागत असेल तर एमआयएस. एखादा निर्णय अंदाजावर घ्यावा लागत असेल तर डीएसएस. नावांवर फार अडू नका, एकच पॅकेज दोन-तीन कामं करत असतं. ईआरपीच्या एकाच लॉगिनमध्ये आवकही चढते आणि रिपोर्टही निघतो. चौकोन पॅकेजचा नाही, कामाचा काढा.

पहिल्या प्रयत्नात नकाशा चुकतो. तो घेऊन साहेबांकडे जाण्याआधी, पहिल्या दिवशी जिथे थांबला होतात तिथे नोंद करणाऱ्या माणसाकडे जा आणि कागद समोर ठेवा. ती व्यक्ती एखाद्या बाणावर बोट ठेवून म्हणेल, ‘हे असं नाही हो, आधी फोनवर फोटो येतो, मग मी संध्याकाळी एकदम टाकते.’ तो बाण खोडा, तुटक रेघ काढा आणि शेजारी लिहा : संध्याकाळी.